लिलीपॉन्ड : पान बिघडलं की आधी काय बघायचं

लिलीपॉन्ड या स्टाफ नोटेशन छापणाऱ्या प्रोग्रॅमसाठी चार आवाजांची ७२ बारांची (बार म्हणजे ठरलेल्या मात्रांचा एक कप्पा) रचना टाइप करून झाली, फाइल चालवली आणि पीडीएफ उघडली. पानावर एकच ओळ होती. डावीकडून सुरू झालेली ती ओळ उजव्या समासाला न जुमानता कागदाबाहेर निघून गेली होती, आणि पहिल्या काही बारांनंतरचं संगीत कुठेच दिसत नव्हतं. मी दर आठ बारांनी ओळ मोडण्याची आज्ञा घातली. ओळ मोडली नाही. कागद आडवा केला, स्टाफचा (स्वर ज्यावर बसतात त्या पाच रेषांचा) आकार २० पॉइंटांवरून १६ वर आणला, समास निम्मे केले. ओळ तशीच. दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीला कागद द्यायचे होते आणि रात्रीचे साडेअकरा वाजले होते.

चूक पहिल्याच बारात होती. टेनरच्या (पुरुषांच्या वरच्या आवाजाच्या) भागात एका क्वार्टर नोटच्या (एका मात्रेच्या स्वराच्या) जागी मी एटथ नोट (अर्ध्या मात्रेचा स्वर) लिहिली होती. कालावधीचा आकडा चार लिहायचा तिथे आठ, एवढंच. त्या भागात पुढे क्वार्टर आणि हाफ (दोन मात्रांच्या) नोटच होत्या, त्यामुळे प्रत्येक बारचा शेवटचा स्वर पुढच्या बारमध्ये लोंबकळत राहिला. लिलीपॉन्ड ओळ मोडतं ते फक्त अशा बारलाइनवर (दोन बारांमधल्या उभ्या रेघेवर), जिथे सगळ्या आवाजांचे स्वर संपलेले असतात. टेनरने एकाही बारलाइनवर स्वर संपवला नव्हता, म्हणून ७२ बारांत ओळ मोडायला एकही जागा शिल्लक नव्हती. तीन आवाज बरोबर होते आणि चौथ्याने सगळ्यांना बांधून ठेवलं होतं.

आणि हे मला सांगितलं गेलं होतं. मी ओळ मोडायची आज्ञा घातल्यावर लॉगमध्ये (फाइल चालवताना प्रोग्रॅम जे संदेश दाखवतो त्यांत) इशारा आला होता की सक्तीचा ओळभंग दुसऱ्या कशामुळे तरी रद्द झाला आहे, तुम्ही बारतपासणी वापरायला हवी का? मी लॉग वाचतच नव्हते. पान बघत होते आणि पानावरच उपाय शोधत होते.

गेली सात वर्षं मी गायनवृंदासाठी आणि पियानोसाठी स्टाफ नोटेशन लिहिते ते लिलीपॉन्डमध्येच. या काळात पानाची मांडणी अनेकदा बिघडली, आणि बहुतेक वेळा बिघाड जिथे दिसत होता तिथे तो नव्हता. म्हणून हे परीक्षण मी मांडणीच्या बाजूनेच लिहिते आहे. स्वर कसे टाइप करायचे हे दोन दिवसांत येतं. पान का असं आलं, हे समजायला मला दोन वर्षं लागली, आणि ती दोन वर्षं कुणाची तरी वाचावीत असं मनापासून वाटतं.

ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लिलीपॉन्डमध्ये माउसने स्वर ठेवता येत नाहीत. साध्या मजकुराची फाइल लिहायची, स्वरांची अक्षरं, कालावधीचे आकडे, तिरक्या रेघेने सुरू होणाऱ्या आज्ञा. मग प्रोग्रॅम ती फाइल वाचतो आणि छापायला तयार पीडीएफ देतो. हवं तर एसव्हीजी (चित्राची फाइल) आणि मिडीही (वाजवून ऐकायची फाइल) देतो. हान-वेन निएनहाउस आणि यान न्यूवेनहाउझन या दोन डच संगीतकार-प्रोग्रॅमरांनी १९९६ मध्ये हे काम सुरू केलं. आज तो ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा भाग आहे, मुक्त परवान्याखाली मिळतो आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. स्वरांची मूळ नावं डच पद्धतीची आहेत, म्हणजे एफ शार्पला फिस आणि बी फ्लॅटला बेस. इंग्रजी पद्धत हवी असेल तर एका ओळीत भाषा बदलता येते.

त्यांना हे करावंसं का वाटलं, ते त्यांनीच एका निबंधात फार सुंदर मांडलं आहे. बाखच्या चेलो सुइटचं १९५० सालचं, हाताने धातूच्या पत्र्यावर कोरलेलं पान आणि २००० सालचं संगणकावर केलेलं पान त्यांनी शेजारी शेजारी ठेवलं. स्वर तेच. पण जुन्या पानावरच्या रेषा जाड आहेत, स्वरांमधलं अंतर एकसुरी नाही, डोळा ओळीवरून सरकत जातो. नव्या पानावर सगळं यांत्रिक, बारीक आणि थंड आहे. कोरणारा कारागीर जे हाताच्या सवयीने करत होता ते प्रोग्रॅमला शिकवायचं, हा त्यांचा हेतू. लिलीपॉन्डचं पान, काहीही न बदलता निघालेलं, संगीतस्टँडवर ठेवून चार पावलं मागे जाऊन बघा. तो हेतू किती साध्य झाला आहे ते तिथून दिसतं. आमच्या वृंदातल्या ज्येष्ठ आल्टो (स्त्रियांचा खालचा आवाज गाणाऱ्या) चष्मा न बदलता वाचू शकल्या, हे माझ्यासाठी पुरेसं प्रमाणपत्र आहे.

आता बारतपासणी. प्रत्येक बारच्या शेवटी एक उभी रेघ टाइप करायची. ती पानावर काहीच छापत नाही. फक्त त्या जागी बार खरोखर संपतो का ते प्रोग्रॅम तपासतो आणि संपत नसेल तर ओळ क्रमांकासकट इशारा देतो. सुरुवातीला मी या रेघा आळसाने गाळत असे. आता एकही गाळत नाही, आणि एका टाइप केलेल्या ओळीत एकच बार लिहिते. पान कागदाबाहेर गेलं, किंवा स्वर एकमेकांत कोंबल्यासारखे दिसले, तर शंभरातल्या नव्वद वेळा कुठेतरी कालावधी चुकलेला असतो. समास, कागद, आकार यांना त्या वेळी हात लावू नये. लय मोकळी असलेल्या कॅडेन्झामध्येही हेच होतं. तिथे बारलाइन आपोआप पडत नाहीत, त्यामुळे आपण स्वतः अदृश्य का होईना बारलाइन घातली नाही, तर ओळीला मोडायला जागाच मिळत नाही.

यापेक्षा खोल पाण्यात मी उतरले ते उभ्या अंतरांच्या बाबतीत. यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण बहुतेक जण इथेच थकून सोडून देतात.

माझी तक्रार साधी होती. दोन सिस्टीममधलं अंतर फार आहे, ते कमी कर. सिस्टीम म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सगळ्या स्टाफची मिळून एक ओळ. तिच्यासाठी फाइलमधल्या कागदाच्या (पेपर) विभागात एक सेटिंग आहे, सिस्टीम-सिस्टीम-स्पेसिंग. त्यात चार आकडे असतात. पायाभूत अंतर १२, किमान अंतर ८, पॅडिंग १ आणि ताणक्षमता ६०, हे मूळचे आकडे. मोजमाप स्टाफच्या दोन रेषांमधल्या जागेत, म्हणजे स्टाफचा आकार बदलला की हे सगळं आपोआप त्या प्रमाणात बदलतं. मी पायाभूत अंतर १२ चं ९ केलं. पान जसंच्या तसं. ६ केलं. तसंच. मग रागाने ३० केलं, तेव्हाही पहिल्या पानावर काही हललं नाही.

ही चार आकड्यांची गोष्ट एकदा डोळ्यासमोर उभी राहिली की पुढे त्रास होत नाही. दोन सिस्टीममध्ये एक स्प्रिंग आहे असं समजा. पायाभूत अंतर म्हणजे त्या स्प्रिंगची, कुणी ओढली-दाबली नाही तर असणारी लांबी. ताणक्षमता म्हणजे ती किती सहज ताणली जाते. किमान अंतर म्हणजे याच्या खाली कितीही दाबलं तरी जायचं नाही ती हद्द. आणि पॅडिंग वेगळंच मोजतं. पहिले आकडे एका स्टाफच्या मधल्या रेषेपासून दुसऱ्या स्टाफच्या मधल्या रेषेपर्यंत मोजले जातात; पॅडिंग मात्र वरच्या सिस्टीमचा सगळ्यात खाली लोंबणारा भाग आणि खालच्या सिस्टीमचं सगळ्यात वर डोकावणारं टोक यांच्यामध्ये किमान किती मोकळी जागा हवी ते सांगतं. प्रोग्रॅम प्रत्येक सिस्टीमच्या कडेची एक वेडीवाकडी बाह्यरेषा काढतो, शहराच्या क्षितिजासारखी, आणि तिला स्कायलाइन म्हणतो. पॅडिंग त्या दोन स्कायलाइनमधलं.

आता, मूळ सेटिंग असं आहे की शेवटचं पान सोडून प्रत्येक पान खालपर्यंत भरलं पाहिजे. म्हणजे पानावर किती सिस्टीम बसवायच्या हे ठरलं की उरलेली जागा स्प्रिंगांमध्ये वाटली जाते. मी पायाभूत अंतर कमी केलं तरी पानावर सिस्टीम तेवढ्याच राहिल्या, म्हणून स्प्रिंगा पुन्हा ताणून पान भरलं गेलं. वाढवलं तेव्हा त्या दाबल्या जाऊन पान भरलं गेलं. माझा आकडा ऐकला गेला होता, पण दुसऱ्या नियमापुढे त्याला वजन नव्हतं. खरा प्रश्न अंतराचा नव्हताच, पानांच्या संख्येचा होता. रचना चार पानांत मावत होती, पण प्रोग्रॅमने पाच पानं निवडली होती. एकूण पानांची संख्या चार असं कागदाच्या विभागात लिहिलं आणि अंतर आपोआप घट्ट झालं. कधी उलटं हवं असतं. पान खालपर्यंत भरायचं नाही, उरलेली जागा तळाला राहू दे. त्यासाठी रॅग्ड-बॉटम चालू करायचं, मग पायाभूत अंतर जसं लिहिलं तसं दिसतं.

सिस्टीम एकमेकींना टेकत असतील तर मात्र पायाभूत अंतर वाढवण्यात अर्थ नाही. तिथे पॅडिंग वाढवायचं, कारण ते स्प्रिंग दाबली तरी टिकून राहतं. हे एक वाक्य मला कुणी पहिल्या महिन्यात सांगितलं असतं तर कितीतरी रविवार वाचले असते.

आणि अंदाज बांधत बसायची गरज नाही. कागदाच्या विभागात ॲनोटेट-स्पेसिंग चालू केलं की पानावर बाण आणि आकडे छापून येतात, कुठल्या दोन गोष्टींमध्ये कुठलं अंतर लागू झालं आहे त्याचे. पान विचित्र दिसायला लागतं, पण पाच मिनिटांत उत्तर मिळतं. शीर्षक आणि पहिली सिस्टीम यांच्यामधलं अंतर वेगळ्या नावाच्या सेटिंगमधून येतं, पानाचा वरचा समास आणि पहिली सिस्टीम यांच्यामधलं आणखी वेगळ्या. मी सिस्टीम-सिस्टीम-स्पेसिंग बदलून शीर्षक खाली सरकेल अशी वाट बघत बसले होते. बाण बघितल्यावर कळलं की तिथे मार्कअप-सिस्टीम-स्पेसिंगचं राज्य आहे.

एका सिस्टीमच्या आतलं, म्हणजे सोप्रानोचा (स्त्रियांच्या वरच्या आवाजाचा) स्टाफ आणि आल्टोचा स्टाफ यांच्यातलं अंतर, हा कागदाचा विषयच नाही. ते लेआउटच्या विभागात किंवा त्या त्या स्टाफवर ठरतं. कागदाच्या विभागात कितीही खटपट केली तरी ते हलत नाही. नवीन माणसाने एवढं लक्षात ठेवलं तर बरं: सिस्टीमच्या बाहेर कागद, सिस्टीमच्या आत स्टाफ.

गाण्याचे शब्द आले की आडवी मांडणी बदलते. स्वर चार छोटे आणि अक्षर लांब, की प्रोग्रॅम स्वर दूर सारतो, ओळीत चारऐवजी तीनच बार बसतात आणि शेवटी पान वाढतं. बऱ्याचदा ‘स्वर विस्कटले’ म्हणून आपण स्वरांच्या अंतराशी झगडतो आणि दोष शब्दांच्या टाइपाच्या आकाराचा असतो. शब्द अर्धा पॉइंट लहान केले की ओळ सावरते.

देवनागरी शब्द थेट टाइप करता येतात. जोडाक्षरं, रफार, वेलांट्या बरोबर जुळून येतात आणि यासाठी मी या प्रोग्रॅमची ऋणी आहे. ‘चांदणं’ हा शब्द तीन स्वरांवर टाकायचा तर अक्षरांच्या मध्ये मोकळी जागा सोडून दोन-दोन आडव्या रेघा द्यायच्या: चां, द, णं. पण दोन गोष्टी मी चटके खाऊन शिकले. पहिली, फॉन्टचं नाव स्वतः लिहायचं. लिलीपॉन्डच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं नाहीत, म्हणून तो संगणकावर जो मिळेल तो देवनागरी फॉन्ट उचलतो. माझी फाइल माझ्या मैत्रिणीने तिच्या संगणकावर चालवली आणि तिच्याकडे ओळी वेगळ्याच ठिकाणी मोडल्या, पाचव्या पानाला सहावं जोडलं गेलं. फाइलमध्ये एकही अक्षर बदललेलं नव्हतं. फक्त तिच्याकडचा फॉन्ट थोडा रुंद होता. दोघींनी एकच फॉन्ट बसवला, त्याचं नाव फाइलमध्ये लिहिलं आणि पानं जुळली. दुसरी गोष्ट, अक्षरांमधली जोडरेघ. जागा कमी पडली की प्रोग्रॅम ती रेघ गाळून टाकतो, आणि गाणाऱ्याला ‘चां द णं’ असे तीन सुटे शब्द दिसतात. जोडरेघेचं किमान अंतर ठरवून दिलं की ती परत येते, अर्थात त्या बदल्यात ओळ थोडी लांबते.

दोन स्टाफच्या मध्ये एकच शब्दांची ओळ ठेवायची असेल, तर ती वरच्या स्टाफला चिकटून बसते, कारण शब्दांचा ओढा मुळात वरच्या बाजूला ठरवलेला आहे. तो ओढा मध्यावर आणता येतो. त्याला स्टाफ-ॲफिनिटी म्हणतात. शब्द स्टाफच्या वर हवे असतील तर ओढा खाली करायचा.

लिलीपॉन्डचं सगळ्यात मोठं उणेपण माझ्या मते शांतता हे आहे. बारचे आकडे प्रत्येक बारवर दिसावेत म्हणून मी ओव्हरराइड (एखाद्या वस्तूचं मूळ सेटिंग बदलणारी आज्ञा) लिहिला. काही झालं नाही, इशाराही आला नाही. कारण असं की पानावरच्या प्रत्येक वस्तूचं एक घर असतं. स्वराचं डोकं आवाजाच्या घरात, तालचिन्ह स्टाफच्या घरात, बारचा आकडा संपूर्ण स्कोअरच्या (सगळ्या भागांच्या मिळून रचनेच्या) घरात. या घरांना कॉन्टेक्स्ट म्हणतात. स्वरांच्या मध्ये नुसतं वस्तूचं नाव लिहिलं की आज्ञा आवाजाच्या घरात जाते, आणि तिथे बारचा आकडा राहतच नाही. आज्ञा चुकीच्या दारात ठेवलेल्या पत्रासारखी पडून राहते. गुणधर्माचं नाव चुकलं तर प्रोग्रॅम बोलतो, घर चुकलं तर बोलत नाही. वस्तूच्या नावाआधी स्कोअर हा शब्द जोडल्यावर माझे आकडे दिसले. कुठली वस्तू कुठल्या घरात राहते हे अंतर्गत संदर्भपुस्तिकेत दिलेलं आहे. ती पुस्तिका रुक्ष आहे, पण बदल लागू होत नसेल तेव्हा तिथेच जायला हवं.

याच जातीची दुसरी गंमत म्हणजे आगंतुक स्टाफ. चार स्टाफ लिहिले आणि पानावर पाचवा, रिकामा. एकत्र वाजणाऱ्या भागांच्या कंसात, पहिला स्टाफ सुरू होण्याआधी, स्टाफसाठीचा ओव्हरराइड लिहिला की प्रोग्रॅम त्या आज्ञेसाठी एक नवा स्टाफ जन्माला घालतो. आज्ञा स्टाफच्या आत नेली की पाहुणा जातो. आणि रचनेच्या अगदी सुरुवातीला पियानोच्या उजव्या हाताला ग्रेस नोट (मुख्य स्वराआधीचा छोटा सजावटीचा स्वर) असेल आणि डाव्याला नसेल, तर दोन्ही स्टाफची सुरुवातीची चिन्हं एका रेषेत येत नाहीत, कधी तालचिन्ह दोनदा छापलं जातं. डाव्या हातालाही तेवढ्याच लांबीची अदृश्य ग्रेस नोट द्यायची. यामागचं कारण समजेपर्यंत मी ते पान चार वेळा नव्याने टाइप केलं होतं.

पहिल्या वर्षी मी सगळ्यात जास्त वापरलेली आज्ञा म्हणजे एक्स्ट्रा-ऑफसेट. ती वापरायला फार सोपी आहे. ‘मेझोफोर्टे’ (मध्यम जोराची खूण) खालच्या शब्दावर चढलाय? एक जागा वर, अर्धी डावीकडे. लगेच दिसतं. पण ती वस्तू हलते सगळी मांडणी ठरून झाल्यावर, आणि ती हलली आहे हे बाकी कुणालाच कळत नाही. एका रचनेत माझ्या अशा चाळीसेक आज्ञा जमल्या होत्या. पुढे गायकांनी मोठे स्वर मागितले, मी स्टाफचा आकार २० चा २२ केला, ओळी नव्या ठिकाणी मोडल्या, आणि ती चाळीसच्या चाळीस चिन्हं आता उगाचच कुठेतरी सरकलेली होती. एक क्रेशेंडो (जोर वाढवण्याची खूण) तर थेट स्वरांच्या डोक्यावर आला होता. त्या सगळ्या आज्ञा मी काढून टाकल्या, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या निम्म्यांची मुळात गरजच नव्हती. उरलेल्यांपैकी बहुतेक ठिकाणी पॅडिंग वाढवणं किंवा स्टाफबाहेरचा क्रम बदलणं पुरलं. स्टाफबाहेरच्या प्रत्येक चिन्हाला एक प्राधान्याचा आकडा असतो. लहान आकडा स्टाफच्या जवळ बसतो. तो बदलला की बाकीची चिन्हं स्वतःहून बाजूला होतात आणि आकार बदलला तरी मांडणी टिकते. पियानोच्या दोन हातांच्या मध्ये येणाऱ्या जोर-नाजूकपणाच्या खुणांसाठी तर डायनॅमिक्स नावाची स्वतंत्र ओळच देता येते, ती आपोआप मध्यावर राहते.

एक्स्ट्रा-ऑफसेट मी आता फक्त छपाईला जायच्या आदल्या दिवशी वापरते, आणि त्या ओळीवर टिप्पणीत कारण लिहिते. स्लरची, म्हणजे स्वर जोडणाऱ्या कमानीची, गोष्ट थोडी वेगळी. काही स्लर खरंच हातानेच वळवावे लागतात. त्यासाठी शेप नावाची आज्ञा आहे, ती वक्राचे चार बिंदू हलवते. २.२४ आवृत्तीपासून व्ही-शेप लिहिलं तर ते चार बिंदू पानावर दिसतातही, त्यामुळे अंदाजाने आकडे टाकत राहावं लागत नाही.

अवजारांमध्ये फ्रेस्कोबाल्डी हा संपादक नसता तर मी इतकी वर्षं टिकले नसते. डावीकडे मजकूर, उजवीकडे पान. पानावरच्या स्वरावर क्लिक केलं की कर्सर मजकुरातल्या नेमक्या अक्षरावर जातो. त्यात मांडणी तपासायची स्वतंत्र खिडकी आहे. स्कायलाइन दाखव, आवाज रंगात दाखव, अंतराचे बाण दाखव, अशा पर्यायांवर खूण करायची आणि फाइल चालवायची. दोष शोधताना मी तिथूनच सुरुवात करते.

तक्रारी आणखी आहेत. कुरळा कंस बंद करायचा राहिला तर चूक फाइलच्या शेवटी दाखवली जाते, जिथे तो कंस राहिला तिथे नाही. एक स्वर बदलला तरी पूर्ण फाइल पुन्हा नव्याने मांडली जाते, त्यामुळे मोठ्या रचनेत प्रत्येक दुरुस्तीमागे थांबावं लागतं. फक्त शेवटचे काही बार छापायची सोय आहे, पण त्या तुकड्यावरून पानाची मांडणी जोखता येत नाही. आणि सुचेल तसं ऐकत, सरकवत रचना करणाऱ्या माणसाला हे साधन मी सुचवणार नाही. त्याच्यासाठी म्यूझस्कोरसारखा, माउसने चालणारा प्रोग्रॅम चांगला. लिलीपॉन्ड मी रचना कागदावर पक्की झाल्यावर उघडते.

पण जपून ठेवण्याचा विचार करता मला दुसरं काही सुचत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये फिनाले या जुन्या आणि नावाजलेल्या प्रोग्रॅमचा विकास थांबवल्याचं जाहीर झालं, तेव्हा अनेकांना आपापल्या फायली दुसऱ्या स्वरूपात न्यायची घाई करावी लागली. माझ्या फायली साधा मजकूर आहेत. प्रोग्रॅम नसला तरी त्या वाचता येतात. माझ्या सुरुवातीच्या रचना २.१८ या आवृत्तीत होत्या, जी २०१३ च्या अखेरीस आली होती. कन्व्हर्ट-एलवाय नावाच्या सोबतच्या साधनाने त्या २.२४ पर्यंत आणल्या. दोन ठिकाणी हाताने दुरुस्ती करावी लागली, आणि नवीन आवृत्तीत काही ओळी वेगळ्या मोडल्या, म्हणून जिथे पान उलटण्याची जागा महत्त्वाची आहे तिथे मी आता पानभंग स्पष्ट लिहून ठेवते. फाइलच्या पहिल्या ओळीत आवृत्ती लिहिलेली नसेल तर हे साधन स्वतःहून काहीच करू शकत नाही, तेव्हा ती ओळ कधीही गाळू नका.

अडकलं की मी एक पद्धत पाळते. फाइलची प्रत करते आणि अर्धं संगीत टिप्पणीच्या खुणांमध्ये बंद करते. बिघाड राहिला तर उरलेल्याचं अर्ध, गेला तर बंद केलेलं अर्ध. पाच-सहा वेळांत चार बार उरतात. या प्रोग्रॅमचे जाणकार मदत मागणाऱ्याकडून असंच छोटं उदाहरण मागतात, आणि माझा अनुभव असा की उदाहरण छोटं करता करताच कारण सापडतं. कुणाला विचारायची वेळ क्वचित येते.

गेल्या आठवड्यात सहा पानांची पियानो-साथीची रचना पूर्ण केली. शेवटच्या पानावर एकटी सिस्टीम उरली होती, तिच्यात दोनच बार, आणि ते पूर्ण रुंदीभर ताणलेले. एकूण पानं पाच लिहिल्यावर सगळं दाटलं. म्हणून सहा पानंच ठेवली, पण सिस्टीमची एकूण संख्या एकाने कमी केली आणि तिसऱ्या पानाचा भंग हाताने दिला. वादकाचा डावा हात तिथे दीड बार मोकळा आहे. काल तालमीत त्याने पान उलटलं आणि एकही स्वर सुटला नाही.